पाणी कुठवर आलंय?

आमच्या नाशिकच्या घरात पावसाळ्यात दोन नद्यांची काळजी असायची. एक आमची गोदावरी आणि दुसरी कोल्हापूरची पंचगंगा. दुसरीची काळजी सुमनची, म्हणजे माझ्या पत्नीची. पंचगंगा पात्राबाहेर पडल्याची बातमी कानावर आली की ती गॅस बंद करून थोरल्या बहिणीला फोन लावायची. तब्येतीची चौकशी नाही, मुलाबाळांची नाही. पहिलंच वाक्य, "आक्का, पाणी कुठवर आलंय?"

उत्तर यायला वेळ लागायचा, कारण बसल्या जागेवरून दिलेलं उत्तर सुमनला चालत नसे. आक्कांनी उठायचं, दारापर्यंत जायचं, स्वतः पाहायचं आणि मग सांगायचं. दिवसभरात असे कितीतरी फोन होत. त्यातल्या एखाद्या फोनवर सुमन अगदी साध्या आवाजात म्हणायची, "आता निघ." आणि आक्का निघायच्या. तोवर मुलगा सांगून थकलेला असे, महापालिकेची गाडी भोंग्यावरून सूचना देत फिरून गेलेली असे. त्या कुणाचं ऐकत नसत. एकोणीसच्या पुरात असंच झालं, एकवीसच्या पुरातही.

यंदा संक्रांतीनंतर सुमन गेली. मी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेला माणूस. मुळातच कमी बोलणारा. तिच्यामागे तेवढंही उरलं नाही. वरच्या मजल्यावरच्या वैद्यवहिनी अधूनमधून डबा आणून देत. मी दार अर्धं उघडून डबा घेई आणि अर्धं उघडूनच परत देई. "वर चहाला या," असं त्या प्रत्येक वेळी म्हणत. मी येतो म्हणे आणि जात नसे.

श्रावण लागायच्या सुमारास बातम्यांत पंचगंगा आली. मी नकळत स्वयंपाकघराकडे पाहिलं. मग लक्षात आलं की तो फोन करणारं आता घरात कुणी नाही. मी आक्कांच्या मुलाला, रणजितला, फोन लावला. आक्कांचं घर पिढ्यान् पिढ्या गणपती करणाऱ्या कुंभारांचं. सणाच्या आधीचे हे दिवस त्यांच्या वर्षाच्या कमाईचे, आणि नेमके हेच दिवस पुराचे.

"पाणी वाडाय लागलंय काका," रणजित म्हणाला. "आई म्हणतीय, शाडूचं गणपती वाळस्तवर मी हलत न्हाय. मावशी असती तर..."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोल्हापूरच्या गाडीत बसलो. तिथे जाऊन मी काय करणार, हे मला ठाऊक नव्हतं. आक्कांनी वेळेत घर सोडावं, एवढंच हवं होतं.

शिरोलीचा पूल

पुणे, सातारा, कराड हा रस्ता बहुतेकांच्या पाहण्यातला आहे, तो सांगत बसत नाही. कराडला शेजारच्या जागेवर जयसिंगपूरचे एक व्यापारी येऊन बसले. मी नाशिकचा हे कळल्यावर त्यांनी मला नीट पाहून घेतलं.

"ह्या दिवसात हिकडं? लोक ह्या दिवसात हिथनं जात्यात, पावणं."

मी नातेवाइकांचं सांगितलं. त्यांनी भडंगाची पुडी फोडून माझ्यापुढे धरली. तिखट होतं, पण हात थांबत नव्हता. "आमच्या शिरोळ तालुक्यात पाणी सावकाश येतंय," ते म्हणाले, "आन आलं की जावयागत बसून ऱ्हातंय. जावा म्हणता येत न्हाय, जेवाय घालता येत न्हाय."

मी जावईच होतो, त्यामुळे हसण्यावाचून इलाज नव्हता. सांगली फाट्यावर ते उतरले. उतरता उतरता वळून म्हणाले, "पूल चालू हाय तवर पलीकडं जावा. परत कसं यायचं ते नंतर बघा."

पुढे शिरोलीचा पूल. लग्नानंतर पहिल्यांदा इथून गेलो तेव्हा सुमननं मला खिडकीतून नदी दाखवली होती. आता नदी वेगळी दाखवता येत नव्हती. दोन्ही बाजूंना लाल-तपकिरी पाणी आडवं पसरलं होतं. उसाचे फक्त शेंडे वर होते आणि सगळे एकाच दिशेला वाकलेले होते. मध्ये एक जाहिरातीचा फलक गुडघाभर पाण्यात उभा होता. नव्या सदनिकांची जाहिरात होती. निसर्गाच्या कुशीत राहायला या, अशा अर्थाचं काहीतरी. गाडीतले लोक फलकाकडे नाही, पुलाच्या कठड्याखालच्या पाण्याकडे पाहत होते. चालकानं गाडी पायी चालल्यासारखी हळू घेतली, आणि मी समोरच्या आसनाची दांडी धरून ठेवली.

गल्ली

आक्कांची गल्ली चौकातून सुरू होते आणि उतरत उतरत नाल्यापाशी संपते. नाला पुढे नदीला मिळतो. नदी फुगली की नाल्याचं पाणी पुढे जात नाही, उलटं फिरतं आणि खालच्या टोकानं गल्लीत शिरतं. आक्कांचं घर साधारण मध्यावर. पुढे पत्र्याचा कारखाना, मागे दोन खोल्या, मोरी आणि परडं.

कारखान्यात शिरलो तर ओल्या मातीचा वास आणि दिव्यांची धग. फळ्यांवर गणपतींच्या रांगा. पुढे प्लास्टरचे, पांढरे, काही रंगवलेले. मागे शाडूचे, राखाडी, काहींवर अजून पाण्याची चकाकी. त्यांच्यावर मोठे दिवे लावून ठेवले होते, कारण ऊन नव्हतं. आक्का पाटावर बसून एका गणपतीच्या खांद्यावरून ओला ब्रश फिरवत होत्या. सत्तरीच्या आहेत. नाक, कपाळ, बसण्याची ढब, सगळं सुमनचं. मी दारातच थांबलो.

"या की," त्या न बघता म्हणाल्या. "दारात हुबं ऱ्हायलं की उजेड आडतोय."

रणजितची बायको सविता चहा घेऊन आली. सुमनचा विषय कुणी काढला नाही. तिच्यासाठी आक्का दरवर्षी एक वीतभर उंचीचा गणपती करत आणि कुणा ना कुणाबरोबर नाशिकला धाडत. तो यंदाही मागच्या फळीवर टोकाला होता. यंदा गणपती बसवायचा नाही, असं मी मनाशी ठरवून आलो होतो.

फळीखालून वाकून आत जाताना माझा तोल गेला आणि हात एका शाडूच्या मूर्तीवर पडला. पाठीवर माझ्या अंगठ्याचा स्वच्छ ठसा उमटला.

"पावणं, हात खिशात ठेवा," आक्का म्हणाल्या. "पुस्तकांस्नी बोटं लावून बघायची सवं तुमची." ब्रशच्या एका फटकाऱ्यात त्यांनी ठसा पुसला. मग जरा नरमून सांगितलं, "बघायचंच असलं तर मागल्या अंगाला अंगठा निस्ता टेकवायचा. गार लागला तर ओला. ओला गणपती उचलायचा न्हाय. आतनं चिरतोय, आन भायेरनं दिसत न्हाय."

प्लास्टरचा गणपती लगेच उचलता येतो. शाडूचा पावसाळी हवेत वाळता वाळत नाही. पाण्यात सहज विरघळतो म्हणून अलीकडे लोक शाडूचाच मागतात, आणि त्यात वाईट काही नाही. पण सहज विरघळणारी वस्तू पुराच्या तोंडावर घरात घेऊन बसायचं म्हणजे काय, हे मला त्या खोलीत बसल्यावर कळलं.

संध्याकाळी रणजितनं मला गल्लीच्या खालच्या टोकाला नेलं. तिथे पाण्याच्या कडेला एक वीट ठेवलेली होती आणि विटेपासून दोन हातांवर खुर्ची टाकून बापू बसले होते. बापू शेजारचेच, गल्लीच्या पाण्याचा हिशेब त्यांच्याकडे. वीट बुडाली की ती उचलून पुन्हा पाण्याच्या नव्या कडेला ठेवायची आणि गल्लीत हाळी द्यायची. वीट कुठल्या घराच्या पायरीशी आली की कुणी निघायचं, हे ठरलेलं. राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फूट आहे ते प्रत्येकाच्या मोबाइलवर येतच असतं. एकोणचाळीसला इशारा, त्रेचाळीसला धोका, हे इथल्या लहान मुलांनाही पाठ आहे. पण गल्लीचा विश्वास विटेवर.

मी त्यांना आमच्या नाशिकची रीत सांगितली. गोदेच्या पात्रात दुतोंड्या मारुती उभा आहे. पाणी त्याच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, असं आम्ही बोलतो.

बापूंनी यावर थोडा विचार केला. "म्हंजे तुमच्यात देव भिजतोय आन आमच्यात वीट. आमचं बरं हाय की दाजी. वीट काय नवस मागत न्हाय."

भराव

सकाळी पाऊस उघडला नव्हता. बापूंची वीट मात्र रात्रीपासून जागची हलली नव्हती, म्हणून सगळे जरा सैल झाले होते. प्लास्टरचे गणपती टेंपोत भरून शिवाजी पेठेतल्या एका तालमीत पोचवायचं काम सुरू झालं. पेठ उंचावर आहे, आणि दर पुरात तालमीचा वरचा हॉल गणपतींना मिळतो. मी चादरी आणि प्लास्टिक बांधून देत होतो.

मधल्या वेळात रणजित मला परड्याच्या भिंतीशी घेऊन गेला. भिंतीपलीकडे पूर्वी खोलगट रान होतं, ते मला आठवत होतं. सुमन लहानपणी आक्कांकडे राहायला यायची तेव्हा तिथे खेळायची. आक्कांच्या आजेसासऱ्यांनी तिथूनच माती काढली होती. पूर आला की नाल्याचं पाणी त्या खोलगटात पसरायचं, बसून राहायचं आणि ओसरलं की जायचं. आता तिथे रानच नव्हतं. मुरूम-मातीचा भराव टाकून जमीन आक्कांच्या पत्र्याइतकी उंच केली होती आणि त्यावर तीन इमारती उभ्या होत्या. बाल्कन्यांत कपडे वाळत घातले होते, तेही भिजत होते. भरावाच्या पायथ्याशी एक रुंद पाइप बाहेर आला होता. त्यातून पाणी धो धो येत होतं आणि आक्कांच्या भिंतीमागच्या जुन्या गटारीत पडत होतं.

"ही गटार कुठे जाते?" मी विचारलं.

"नाल्याला."

"आणि नाला भरला की?"

रणजित नुसता हसला. मग म्हणाला, "तिथं ऱ्हाणारी बी माणसंच हाईत काका. माझ्या चुलतभावानं बी फ्लॅट घेतलाय तिथं. पुराची भीती न्हाय म्हणून."

पूररेषांबद्दल मी वाचलं होतं. नदीकाठच्या शहरांच्या नकाशांवर एक निळी आणि एक लाल रेषा असते. निळीच्या आत बांधायचं नाही, लालच्या आत जपून. पाऊस आता महिनाभर पडायचा तो चार दिवसांत पडतो, त्यामुळे जुन्या खुणांवर विसंबू नये, हेही वाचलं होतं. पण वाचताना डोळ्यांपुढे नदी यायची. हा पाइप आला नव्हता. पाणी नदीतून येतं, समोरून येतं, हे मीही गृहीत धरलं होतं, आणि सगळी गल्ली समोर तोंड करून बसली होती.

मोरी

दुपारी भाकरी, खर्डा आणि मटकीची उसळ. सविता वाढत होती, आक्का हातातलं काम सोडून यायला तयार नव्हत्या. जेवून मी हात धुवायला मोरीत गेलो. पाणी ओतलं, ते गेलं नाही. जाळीतून एक बुडबुडा वर आला. मग आणखी.

दोन पावसाळ्यांपूर्वी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये असंच झालं होतं. आधी झाकणाशी बुडबुडे, मग काळं पाणी, मग दुचाक्या आडव्या. शेजारचा नाला तेव्हा आपल्या दोन भिंतींच्या आतच वाहत होता; पाणी खालून आलं होतं.

मी रणजितला हाक मारली. त्यानं मोरीत पाहिलं आणि तडक गल्लीच्या टोकाला गेला. थोड्या वेळानं परत आला तो मोकळ्या चेहऱ्यानं. "वीट कोरडी हाय काका. बापू म्हणतोय, पाणी उलट बोटभर उतरलंय. मोरी तुंबली असंल. सविता कचरा टाकतीय त्यात."

"मी?" सविता म्हणाली. "मोरी माती खाऊन मेली तुमची. तुमी हात धुतायसा त्यात."

ते दोघं काठी शोधायला लागले. मी मोरीच्या दारात उभा राहिलो. पाणी जाळीच्या वर आलं होतं. आक्कांना काय सांगायचं याची मी मनात दोन-तीन वाक्यं जुळवली. सगळी व्याख्यानासारखी वाटली. शेवटी कारखान्यात गेलो. आक्का दिव्यांखाली बसल्या होत्या, वायर जमिनीवरून गेलेली होती. मी विचारलं,

"आक्का, पाणी कुठवर आलंय?"

ब्रश थांबला.

"वीट कोरडी हाय म्हणला की रणजित."

"रणजितचं नको. तुम्ही बघून सांगा."

"तुमी आत्ता तिथनंच आलासा न्हवं?"

"मी बघितलं. तुम्ही सांगा."

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, आल्यापासून पहिल्यांदाच नीट. काहीतरी लागट बोलतील असं वाटलं. पण त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि आत गेल्या. मी तिथेच थांबलो. मग आतून आवाज आला, जरा ओरडून, फोनवर लांबच्या माणसाशी बोलावं तसा. तो आवाज मी कित्येक वर्षं नाशिकला, सुमनच्या हातातल्या फोनमधून ऐकला होता.

"मोरीच्या कठड्याला लागलंय. काळं हाय. नदीचं न्हवं, गटारीचं हाय." थोडं थांबून, "वाडतंय."

त्या वाट बघत होत्या. सुमनसारखं 'निघ' म्हणणं मला जमणारं नव्हतं, त्या मला वडीलधाऱ्या. मी म्हणालो, "आता निघा."

आक्का बाहेर आल्या. आधी त्यांनी भिंतीतला प्लग ओढला. खोली एकदम राखाडी झाली. मग शाडूच्या रांगेपुढून चालत गेल्या, प्रत्येक मूर्तीच्या पाठीला अंगठा टेकवत. "ह्यो घ्या. ह्यो ऱ्हाऊ दे. ह्यो घ्या. ऱ्हाऊ दे." रणजित आणि मी वाळलेले उचलून चौकात उभ्या असलेल्या टेंपोत ठेवत होतो. टोकाच्या लहान गणपतीशी त्या आल्या. अंगठा टेकवला. जरा जास्त वेळ टेकवला.

"ओला," म्हणाल्या, आणि पिशवी उचलली.

आम्ही उंबरा ओलांडला तेव्हा घरात घोट्याएवढं पाणी होतं आणि ते पुढच्या दारातून ओहोळासारखं बाहेर पडून गल्लीच्या उतारानं खाली निघालं होतं. खाली बापू नाल्याकडे तोंड करून बसले होते. पाणी त्यांच्या पाठीमागून आलं. खुर्चीच्या पायांना लागलं तेव्हा ते वळले. आधी पाण्याकडे पाहिलं, मग विटेकडे, मग आमच्याकडे, जणू आम्हीच काही लबाडी केली होती.

"वीट कोरडी हाय की," ते म्हणाले.

मग उठले आणि दारोदार ओरडत सुटले. सविताही त्यांच्यामागे दारं वाजवत निघाली. संध्याकाळच्या आत गल्ली रिकामी झाली. त्यानंतर खालूनही पाणी आलं, आणि दोन्ही पाणी एक झाली.

तालीम

तालमीत खाली आखाड्याची लाल माती आणि वर हॉल. भिंतीवर फुटबॉलच्या ढाली, करंडक, जुन्या संघांचे फोटो. त्यांच्याखाली गणपतींच्या रांगा, आणि रांगांमध्ये जिथे जागा सापडेल तिथे माणसं. पहिली रात्र मी एका मोठ्या मूर्तीच्या पायाशी झोपलो. गणपतींना आधी आणल्यामुळे भिंतीकडेच्या कोरड्या जागा त्यांच्या होत्या आणि गळती माणसांवर होती. याबद्दल कुणाची तक्रार दिसली नाही.

तक्रार वेगळीच होती. आमच्या टेंपोतून आलेली एक मूर्ती पलीकडच्या पेठेतल्या तालमीच्या मंडळाची निघाली. दोन्ही तालमींचं फुटबॉलवरून जुनं वैर.

"ह्येस्नी आपल्या करंडकाखाली कुणी बसवलं?" एकानं विचारलं.

"ऱ्हाऊ दे की," दुसरा म्हणाला. "तेवढाच करंडक बघाय मिळंल त्येस्नी."

मूर्ती मात्र त्यांनी उचलून आणखी आत, भिंतीला लागून नेऊन ठेवली. रात्री तालमीतल्या लोकांनी खिचडी केली. दूध नव्हतं, गावांकडचे रस्ते बंद झाल्यामुळे धार काढून द्यायला शहरात येणाऱ्या म्हशीही येत नव्हत्या आणि दुधाच्या गाड्याही. शिरोलीचा पूल वाहतुकीला बंद झाल्याचं कळलं. म्हणजे मीही आता पुरात अडकलेल्यांपैकी एक होतो. राधानगरी धरणाची दारं उघडल्याचे निरोप येत. तिथली दारं पाणी ठरावीक उंचीला आलं की आपोआप उघडतात, कुणी ठरवावं लागत नाही. प्रत्येक निरोपाबरोबर सगळे एकदम बोलू लागत.

बापू कोपऱ्यात बसून होते. दुसऱ्या दिवशी माझ्याजवळ येऊन बसले.

"मोरीत बघायचं कसं सुचलं, दाजी?"

"हात धुवायला गेलो होतो."

"न्हाय, पर कळलं कसं?"

मी आमच्या पार्किंगचं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "मग तुमचं तिथं कोण बघतंय? आत्ता, तुमी हितं असताना?"

मी तळमजल्यावर राहतो. खालच्या कपाटांत पुस्तकं आहेत, सुमनच्या साड्यांची पेटी आहे. नाशिकच्या पावसाची बातमी मी निघाल्यापासून वाचलीच नव्हती.

आक्का मूर्तींमध्ये बसून राहत. एका दुपारी चहा पिताना म्हणाल्या, "एकवीसला सुमन फोनवर मला म्हणली, माती परत करता ईल, तू न्हाय. मी म्हटलं, लई शानी झालीस." पेला खाली ठेवला. "मला वाटलं, आता इचारणारंच न्हाय कोण, तर बघायचं कशाला उठून."

मी किटलीतला चहा त्यांच्या पेल्यात ओतला.

फळ्या

पाणी उतरल्यावर आम्ही गल्लीत आलो. घराघरांच्या भिंतींवर एकाच उंचीची तपकिरी रेघ होती. कारखान्याचं दार फुगून घट्ट बसलं होतं, ते खांद्यानं उघडावं लागलं.

फळ्या जागच्या जागी होत्या. त्यांवर गणपती नव्हते. पडले नव्हते, फुटले नव्हते, नुसते नव्हते. जमिनीवर राखाडी मातीचा गुळगुळीत थर बसला होता आणि त्यावर नदीचा लाल गाळ. मी टोकाच्या फळीकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली.

आक्कांनी पदर खोचला, वाकून मूठभर माती उचलली आणि बोटांत चुरून पाहिली. "गाळ लागलाय. वरचा थर काढून चाळून घेऊ." रणजित म्हणाला, कारखाना पेठेत वर न्यायला हवा, जागा बघून ठेवलीय. आक्का म्हणाल्या, ने की, मी कुठं आडवतो. कोल्हापूरच्या बायका 'मी येतो, मी जातो' म्हणतात. सुमननंही ते नाशकात शेवटपर्यंत सोडलं नव्हतं, आणि त्या क्षणी ते ऐकून मला भिंतीकडे तोंड करावं लागलं.

बाहेर बापू दोन विटा घेऊन आले होते. एक त्यांनी खालच्या टोकाला ठेवायला दिली. दुसरी स्वतः परड्यात नेली आणि भिंतीबाहेर, पाइपाखालच्या गटारीच्या काठावर ठेवली. मग भरावाकडे, त्या बाल्कन्यांकडे बराच वेळ बघत राहिले. "हिथं बसायचं म्हंजे," ते म्हणाले, "खुर्ची बी दोन लागणार."

पूल खुला झाला. मी निघायच्या आदल्या दिवशी आक्कांनी चाळलेल्या मातीचा वीतभर गणपती केला. गाळाचा अंश राहिल्यामुळे तो राखाडी नव्हता, किंचित तांबूस होता.

"आक्का, यंदा मी बसवणार नव्हतो."

"मग बसवू नगा. निस्ता ठेवा. सुमनच्या नावानं मी दरसाल एक करतो. त्यो करणारच." खोक्यात गवत घालून त्यांनी तो माझ्या हातात दिला. "ओला हाय. त्येला उचलू नगा, खोक्यासकट मांडीवर न्या. घरी गेल्यावर वाळस्तवर हलवू नगा."

तसा तो मी कोल्हापूर ते नाशिक मांडीवर आणला.

नाशिक

घर जसं सोडलं तसंच होतं. गणपती मी खोक्यासकट खिडकीशी, सुमनच्या शिलाई मशीनवर ठेवला. हवा दमट होती, वाळायला वेळ लागत होता. रोज सकाळी अंगठा टेकवून बघायचो. गार लागायचा.

मग इकडे पाऊस लागला. गंगापूर धरणातून पाणी सोडल्याची बातमी आली. संध्याकाळी लोक मारुतीच्या गुडघ्यांबद्दल बोलत होते, दुसऱ्या दिवशी दुपारी कमरेबद्दल. मी खिडक्या लावून पुस्तक घेऊन बसलो होतो. वाचत नव्हतो. फोन वाजला.

"पावणं, टीव्हीवर नाशिक दाखवाय लागल्यात," आक्का म्हणाल्या. "पाणी कुठवर आलंय?"

"इकडे तसं काही नाही, आक्का. नदी लांब आहे."

"नदी न्हाय इचारली. पाणी इचारलं. उठून बघून सांगा."

मी उठलो. फोन कानाशी धरून दार उघडलं आणि पार्किंगच्या दोन पायऱ्या उतरलो. कोपऱ्यातल्या चेंबरचं झाकण थोडं उचललं गेलं होतं आणि त्याच्या कडेनं पाणी येत होतं, आवाज न करता. कडेच्या दुचाकीचं चाक निम्मं भिजलं होतं. नाला भिंतीच्या आतच होता.

"चेंबरमधून येतंय," मी म्हणालो. "खालच्या पायरीला लागलंय. काळं आहे." थोडा वेळ पाहिलं. "वाढतंय."

पलीकडून आक्कांनी विचारलं,

"वर कोण ऱ्हातंय तुमच्या?"

"वैद्यवहिनी."

"गणपती वाळला का?"

मी आत आलो. मागच्या बाजूला अंगठा टेकवला. कोरडा होता.

"वाळला."

"मग त्येला घ्या," आक्का म्हणाल्या, "आन आता निघा."

मी भिंतीतले प्लग काढले. साड्यांची पेटी ओट्यावर चढवली. गणपती एका हातात घेतला. दुसऱ्या हातात फोन होता, तो बंद केला नव्हता. जिना चढून वर गेलो, आणि बेल वाजवायला हात मोकळा नव्हता म्हणून वैद्यवहिनींच्या दाराला कोपरानं थाप दिली.